आबांचं चालतं घड्याळ

माझ्याकडे अकरा मनगटी घड्याळं आहेत. त्यातल्या दहांना मी चालवतो आणि अकरावं मला चालवायला बघतं.

दहा चावीची आहेत. सकाळी चहाआधी ओळीने मांडायची, एकेकाला चावी द्यायची, कानाला लावायची. (बायको, म्हणजे मंगल, म्हणते, "एवढ्या वेळात दोन नारळ खोवून झाले असते!") अकरावं मात्र लग्नात सासऱ्यांनी, कुरवंड्याच्या आबांनी, स्वतः माझ्या हातात घातलेलं. ऑटोमॅटिक! त्याला चावीच नाही. आत एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. माणूस हलला पाहिजे, एवढीच अट. शाळेत होतो तोवर फळा पुसून पुसून ते मस्त चालायचं. मी निवृत्त झालो आणि ते बंद पडायला लागलं.

लोणावळ्याच्या बाजारातल्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, उघडलं, बंद केलं.

"काका, घड्याळ ठणठणीत आहे."

"मग थांबतं का?"

"तुम्ही हलत नाही."

आता आली का पंचाईत! कारण घरी माझी ख्याती वेगळीच होती. रक्तात साखर निघाल्यापासून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, आणि मी रोज वलवण धरणापर्यंत जाऊन येतो असं मंगल समजत होती. तसं तिला मीच सांगितलं होतं. मी धरणाच्या दिशेने जायचोही. फक्त माझं धरण अलीकडच्या वड्याच्या गाडीपाशीच यायचं!

त्यात आला धोंड्याचा महिना. जावयाला कुरवंड्याहून जेवणाचं आवतण. आबांचं वय ब्याऐंशी, आणि त्यांची एक जुनी सवय. संध्याकाळच्या चहाला भावकी जमली की माझं मनगट धरायचं, घड्याळ कानाला लावायचं आणि सांगायचं, "बगा, पस्तीस वर्सं झाली. आजून चालतंय. म्या दिलेलं हाय!" त्या वेळचा त्यांचा चेहरा मला फार आवडतो. तो पडलेला बघायची माझी छाती नव्हती. शिवाय घड्याळ का थांबतं हे मंगलला कळलं असतं तर वडे कायमचे बंद!

दुपारी धोंडे झाले. पुरण भरलेले, वर तुपाची धार. (साखरेचं काय विचारता? त्या दिवशी ते धर्मकार्य असतं!) हात धुताना पाहतो तर घड्याळ बारा वीसवर थांबलेलं. परड्यात जाऊन हात हलवायला लागलो. वर-खाली, वर-खाली. पाच मिनिटांत दंड भरून आला. मी थांबलो की तेही थांबायचं.

तेवढ्यात गोठ्यात आबांची म्हैस, चंद्री, दिसली. माशा हाकलायला तिचं शेपूट सारखं चालू. डावीकडे सप्, उजवीकडे सप्! दमणं नाही, कुरकुर नाही. मला साक्षात्कार झाला.

शेपटाच्या गोंड्याच्या वर पट्टा अगदी शेवटच्या भोकात नीट बसला. चार वाजता सोडून घ्यायचं ठरवलं आणि ओसरीवर जरा आडवा झालो. पण चार वाजले हे कळायला हातात घड्याळ नको?

जाग आली ती आबांच्या बोंबेने.

"आगं आयाई गं! मेलो, मेलो!"

धावलो. आबा धार काढायला बसलेले, टोपी दुधाच्या बादलीत आणि हात कानशिलावर. चंद्रीने शेपूट मारलं होतं. तशी ती रोजच मारते, पण आज त्याला स्टीलची जोड होती! माझ्यामागे मंगल आली, तिच्यामागे चहाला जमलेली अख्खी भावकी.

"म्हशीला घड्याळ कुनी बांदलं रं?" म्हणत आबांनी शेपूट धरलं आणि सवयीने घड्याळ कानाला लावलं. चेहरा एकदम खुलला. "चालतंय की!"

मग सगळ्यांच्या नजरा माझ्या मोकळ्या मनगटावर आल्या.

"जावईबापू," आबा म्हणाले, "हिला कुटं गाडी पकडायचीय व्हय?"

सगळा गोठा हसला. मंगल सोडून.

"अहो, तुम्ही रोज धरणापर्यंत चालता ना? मग हे म्हशीच्या शेपटाला कशाला?"

सांगावंच लागलं. घड्याळजी काय म्हणाले, वड्याची गाडी, सगळं. वाटलं, आबा आता घड्याळ परत घेणार. त्यांनी ते सोडवलं, धोतराला पुसलं आणि स्वतः माझ्या मनगटावर बांधलं.

"घड्याळ बंद पडलं तर दुसरं घिऊ. तुमी बंद पडू नगा म्हंजी झालं. माजी लेक हाय तुमच्या घरी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं शेणाच्या वासाने, पण बरंचसं खरं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलने मला खऱ्याखुऱ्या धरणापर्यंत चालवत नेलं. वाटेत वडेवाल्याने ओळखीने हात केला. मी ओळख दाखवली नाही. तिथून तशीच ती मला घड्याळजींकडे घेऊन गेली, कारण काचेला तडा गेला होता. त्यांनी भिंग लावलं आणि मान डोलावली.

"काका, स्प्रिंग पुरती भरलीय! हे आता तुम्ही वापरत नाही वाटतं? जो कोण घालतो तो मेहनती दिसतो."

"हो ना," मी म्हणालो, "शिवाय दूधही देते!"