नेकनूरच्या सुनेचा युजर

कुणी भुताखेताची गोष्ट काढली की मी आधी घराचं अर्थिंग तपासायला सांगतो. माझा स्वभावच तसा. मांजर आडवं गेलं की आई थांबते, मी गाडी पुढं काढतो. म्हणून हे इथं लिहायला इतकी वर्षं टाळाटाळ केली... पण मला याची भीती वाटत नाही, अपराधी वाटतं. आणि ते वाटणं कमी होईना, म्हणून लिहितोय.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. केजला तहसीलच्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटर सेंटर होतं आणि जोडीला वेबसाइट होस्टिंगचा धंदा – म्हणजे पुण्याच्या एका कंपनीकडून सर्व्हरवर जागा भाड्यानं घ्यायची आणि इथल्या लोकांना द्यायची. वेबसाइटची माहिती डेटाबेसमध्ये राहते. ती भरायला प्रत्येकाला आपापला युजर लागतो. कोठाराची किल्ली समजा. या किल्ल्या हातानं करत बसायचा मला कंटाळा, म्हणून मी एक टूल लिहिलं होतं. नाव टाकायचं, बटण दाबायचं... युजर तयार, पासवर्ड माझ्या मेलवर. त्या टूलवर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता.

नेकनूरचा मल्लिनाथ माझा कॉलेजपासूनचा दोस्त. घरचं कापडाचं दुकान. त्याची आई – अक्का – पंचक्रोशीतल्या लिंगायत समाजाची लग्नं जुळवायची, आणि त्यासाठी मी त्यांना वधू-वरांची वेबसाइट करून दिली होती. चष्मा नाकावर ओढून अक्का स्वतः नोंदी भरायच्या. गंमत अशी, की जगाची लग्नं जुळवणाऱ्या या बाईच्या पोरानं स्वतःचं लग्न परस्पर जुळवलं. मुलगी समाजातलीच, उमापूरची, रेखा. तरी अक्कांना ते लागलं. त्या तिला नावानं हाक मारायच्या नाहीत, सूनबाईही म्हणायच्या नाहीत. ‘ती उमापूरची’ म्हणायच्या. आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत अक्का गेल्या.

सगळे विधी झाल्यावर मल्लिनाथच्या वडिलांनी, अप्पांनी, मला बोलावलं. अक्कांचा युजर काढून टाकून सुनेचा करायचा होता. हे काम मी केजला बसून चहा पिता पिता केलं असतं. पण व्यापाऱ्याच्या घरात गादीवरचं माणूस असं गुपचूप बदलत नाहीत. सोमवार धरला, पाहुणे बोलावले, मॉनिटरला विभूतीची बोटं ओढली, नारळ फोडला. रेखावहिनी नवी साडी नेसून कीबोर्डपुढं बसल्या. मी शेजारी वाकून फ्लॉपीवरचं टूल चालवलं.

अक्कांचा युजर आधीच काढून टाकला होता. मी ‘रेखा’ लिहिलं, बटण दाबलं. तयार झाला तो ‘अक्का’.

तो काढून टाकला. परत ‘रेखा’ लिहिलं. परत ‘अक्का’! दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा युजर करून बघितला, तो बिनबोभाट झाला. परत ‘रेखा’... परत तेच. सगळे माझ्याच तोंडाकडं बघत होते, आणि त्या लाजेत मी हसत बोलून गेलो, “अक्का खुर्ची सोडायला तयार न्हाईत वाटतं!”

कुणीच हसलं नाही. अप्पांची बहीण, सगळ्यांची आत्या, हळूच म्हणाली, “बगा, गेल्यावरबी हिला हात लावू देईना.” रेखावहिनी खुर्चीवरून उठून आत गेल्या. ‘टूलमध्ये काहीतरी गडबड आहे’ असं मी चार वेळा सांगितलं, पण ते कुणाला ऐकायचंच नव्हतं.

त्या दिवसापासून वहिनींना देवघर बंद झालं. आत्या तिथंच मुक्कामाला राहिली. मल्लिनाथचा फोन आला, “काहून बोल्लास बे तसं? हितं समदे तिला कायबाय बोलायल्यात.” मग एकदा केजच्या स्टँडवर जीपमध्ये बसलो होतो, तर पुढच्या सीटवरचा अनोळखी माणूस शेजाऱ्याला सांगत होता – “लई कडक बाई. मेली तरी सुनेला खुर्ची सोडली न्हाई.” माझंच वाक्य! मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

उमापूरहून वहिनींचे वडील त्यांना कायमचं न्यायला येणार असं कळलं, तेव्हा मी ठरवलं – टूल गेलं खड्ड्यात. हातानं युजर करायचा आणि घरच्यांना सांगायचं की टूलनंच केला, अक्कांनी मोकळं केलं. खोटं तर खोटं. दुपारी सेंटर उघडलं. सकाळपासून गेलेली लाइट नुकतीच आली होती. नेट जोडून युजरची यादी दाखवणारं पॅनेल उघडलं. अक्कांचा युजर तिथं नव्हता. त्याच्या जागी नवा होता. नाव – ‘लेक’.

मेल बघितला. टूल पाठवतं तसाच पासवर्ड आलेला. वेळ त्याच सकाळची, लाइट नसतानाची. टूल होतं एकाच फ्लॉपीवर, फ्लॉपी माझ्या ड्रॉवरमध्ये आणि सेंटरला कुलूप. पुण्याला फोन लावला, तर तिथला माणूस वैतागला. म्हणाला, “अहो, तुमच्याच टूलनं केलाय, मला काय विचारता?”

दुसऱ्या दिवशी नेकनूरला जाऊन सगळ्यांसमोर तो युजर उघडून दाखवला. आत्यानं वहिनींना दंडाला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. “बस बाई. तिनंच म्हणलंय, आता आमी कोण बोलणार!”

मी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “भावजी, तुमीच केलं ना हे? अक्का मला लेक म्हणतील व्हय कधी? पण लई उपकार झाले तुमचे.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्या सोमवारी थट्टा करून बसलेला माणूस मी... ‘वहिनी, हे अक्कांनीच केलं’ म्हणालो असतो तर त्यांना ती दुसरी थट्टा वाटली असती. आणि लपवत नाही, ते ‘उपकार’ ऐकून बरंही वाटलं. मी म्हणालो, “हो. मीच केलं.”

टूलचा कोड नंतर मी ओळ न ओळ वाचला, जाणकारांना दाखवला. कुणालाच काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कारण सुचलं तर जरूर सांगा, मला ऐकायचंय. त्या घरात आज सगळे मानतात की अक्कांनी सुनेला लेक म्हटलं. मानत नाहीत त्या एकट्या रेखावहिनी. त्या दर दिवाळीला आठवणीनं माझ्याकडं फराळाचा डबा पाठवतात, आणि त्यावर खरा हक्क कुणाचा होता हे मला एकट्याला माहीत आहे.