काळ्या कागदातलं औषध

काकांच्या उजव्या हाताची बोटं कायम तपकिरी असायची. आयोडीन साबणानं जात नाही. कोणी टक लावून पाहू लागलं की म्हणायचे, "मेंदी नाही बाप्पा, नोकरी आहे." अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेतले परिचर आणि मी संशोधन करणारी विद्यार्थिनी.

लकव्यावर आयोडीनचं एक संयुग आम्ही उंदरांना देऊन पाहत होतो. कधी उंदीर उठून चालायचे, कधी मागचे पाय फरपटत राहायचे. का, ते कळलं काकांना. खिडकीतल्या बाटलीचं औषध वाया जातं, कपाटातल्या बाटलीचं लागू पडतं! सगळ्या बाटल्यांना काळा कागद गुंडाळून त्यांनी मलाच झापलं, "काहून ठेवली वं उजेडात? लोणचं आहे का थे, उनात मुरवाले?"

त्यांची तळमळ घरची होती. अकोल्याला त्यांची बायको लकव्यानं खाटेवर पडून होती. दर शनिवारी गाडी पकडताना म्हणायचे, "तिले एकडाव चालताना पाह्यचं आहे मले."

शोधनिबंध मी लिहिला. त्यातलं काकांचं नाव आमच्या विभागप्रमुखांनी, साहेबांनी, खोडलं. जाब विचारला तर काकांसमोरच हसले, "बाटल्या धुणाऱ्याचं नाव कोणी छापतं का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या कामाला मंजुरी देणारी समिती महिनाभरात यायची होती. काळे कागद कळकट दिसतात म्हणून साहेबांनी ते काढायला लावले आणि बाटल्या खिडकीत मांडल्या. उजेडाबद्दल निबंधात स्पष्ट लिहिलं होतं. पण स्वतःच्या नावाखाली छापलेलं त्यांनी काही वाचलंच नसावं. मी तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, "राहू दे. बाटल्या धुणाऱ्यानं साहेबाले शिकवावं काय?"

औषध पिवळं पडत गेलं. साहेब म्हणाले, "काय छान सोनेरी रंग आलाय!" मी हो म्हटलं. तेच औषध उंदरांना रोज दिलं.

समितीसमोर एकही उंदीर उठला नाही. साहेबांना फुटलेला घाम पाहून, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात दिवाळी झाली. "जिरली," काका म्हणाले आणि त्यांनी मला चहा पाजला. मंजुरी नाकारली गेली आणि कामच बंद पडलं. त्यानंतर काका शनिवारच्या गाडीबद्दल बोलेनासे झाले.

गेल्या वर्षी काका गेले. मी अकोल्याला त्यांच्या बायकोला, मावशींना, भेटायला गेले. मावशींनी खाटेवरूनच माझा हात धरला.

"हे म्हणत होते, औषध होऊन राहिलं. कवा येते वं बाई?"

"साहेबांनी बंद पाडलं, मावशी."

"ज्यानं बंद पाडलं, त्याचं वाटोळं होवो!"

मीही 'होवो' म्हटलं.