हार्ड आणि हार्डली

दगडी कोळशाच्या धुराचा वास आला की मला खापरखेड्याच्या वीजकेंद्राची वसाहत आठवते. तिथल्या शाळेत थोरल्या बहिणीची शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती आणि मी उघड्या दाराबाहेर बसलो होतो. आपण खूप मेहनत करतो, हे इंग्रजीत सांगताना ती म्हणाली, “आय वर्क हार्डली.” सगळे हसले. ती शांतपणे म्हणाली, “काय चुकलं, मले सांगा.” मुख्याध्यापिकांनी हसू आवरून सांगितलं की ‘हार्ड’ म्हणजे कष्टानं आणि ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम. नोकरी काही मिळाली नाही. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, “वाईट वाटून राहिलं का, ताई?” ती म्हणाली, “वाटते ना. पण न विचारता आली असती, तं जास्त वाटलं असतं.” आता माझी नात माझ्या इंग्रजीला हसते, तेव्हा मीही हसून वेळ मारून नेतो, ताईसारखं विचारणं मला अजून जमलेलं नाही.