असोद्याचा जास्तीचा गुण

माझं माहेर जळगावजवळच्या असोद्याचं आणि सासर धुळ्याचं, देवपुरातलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण कबड्डीच्या बाबतीत मी अजून माहेर सोडलेलं नाही. माझे वडील, आबा, तरुणपणी गावच्या मंडळाकडून खेळायचे. मुलींना मैदानात उतरू द्यायचे नाहीत तेव्हा, म्हणून त्यांनी मला गुण लिहायला बसवलं. दहा वर्षांची असल्यापासून मी वहीत रेघा मारून प्रत्येक चढाई लिहीत आले. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सामानात त्या वह्या पाहून सासूबाई हसल्या होत्या.

असोद्याचं आमचं मंडळ गेली तीन वर्षं हरत होतं. हरत होतं म्हणजे सवयीनं हरत होतं. चांगले चढाईपटू कुणी पुण्याला, कुणी सुरतला नोकरीला निघून गेले. स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या आणि आमची पोरं मातीवर सराव करून यायची. मॅटवर त्यांचे पाय घसरायचे, गुडघे सोलायचे. रविवारी सामना संपला की आबांचा फोन यायचा आणि माझं तोंड पाहूनच नवरा विचारायचा, "कितीनं?"

"अकरानं."

"मग आता काय आशा?"

"मागच्या वेळी एकोणीसनं हरलो होतो," मी म्हणायचे.

तो हसायचा, पण मी खरंच बोलत असायचे. मला कारणं दिसायची. डाव्या कोपऱ्यावर एक नवा पोरगा आला होता. दिवसभर केळीचे घड तोडून डोक्यावर वाहायचा आणि संध्याकाळी सरावाला यायचा. त्यानं घोटा धरला की सुटत नसे. कर्णधार माझ्या चुलत्याचा मुलगा, एक खांदा दोनदा निखळलेला, तरी एकही सामना चुकवला नव्हता. आणि मुख्य म्हणजे पोरं येत होती. दर वेळी हरणाऱ्या संघात सोमवारी पुन्हा बारा जण सरावाला येतात, हे काय थोडं झालं? सासूबाईंना मात्र ते पटत नसे. त्या म्हणायच्या, "हारनारास्नी काय कौतिक करशी!"

गेल्या हिवाळ्यात हंगामातला शेवटचा सामना आमच्या देवपुरातच आला. समोर देवपूरचाच संघ. दोघंही गुणतक्त्यात तळाला. हरेल तो अ गटातून ब गटात जाणार. असोद्यात वडीलधाऱ्यांनी बैठकीत सांगून टाकलं होतं की ब गटात गेलो तर मंडळ बंद करायचं, पोरांचा वेळ घालवण्यात अर्थ नाही. हे मला आबांनी फोनवर सांगितलं, अगदी सपाट आवाजात. मंडळ सुरू करणाऱ्यांतले ते शेवटचे उरलेले.

त्यात आणखी एक गोष्ट. त्या सामन्याचा गुणलेखक माझा नवरा होता. तो पूर्वी देवपूरकडून खेळलेला, आणि इथल्या स्पर्धांत टेबलावर नेहमी तोच बसतो. पंचांनी नियमाप्रमाणे दोन्ही कर्णधारांना विचारलं. आमचा कर्णधार म्हणाला, "पाव्हणे हायेत आमचे. चालतीन." देवपूरच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "जावई आहे असोद्याचा, लक्ष ठेवा रे!" सगळे हसले. नवराही हसला.

सकाळी घरातून निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "बठ्ठं देवपूर उनं शे. तू कोठे बसशी?"

"सगळं देवपूर आलं असलं तरी आबांजवळच," मी म्हटलं.

आबा संघाबरोबर केळीच्या पिकअपमध्ये बसून आले होते. त्यांची नजर आता फार कमी झालीय. खेळाडूंच्या आकृत्या दिसतात, पण पंचांची बोटं आणि गुणफलक दिसत नाही. म्हणून मी शेजारी बसून प्रत्येक चढाईला हलक्या आवाजात सांगत होते. "आपला एक." "त्यांचा बोनस." "रिकामी." सांगायचं आणि वहीत लिहायचं.

पहिल्या डावात आम्ही पाच गुणांनी मागे होतो. दुसऱ्या डावात डाव्या कोपऱ्यानं लागोपाठ दोन पकडी केल्या आणि खेळ फिरला. गर्दीचा आवाज इतका वाढला की शिट्टी ऐकू येईना. तेवढ्यात आमचा एक चढाईपटू एकाला शिवून परत आला आणि बोनस रेषाही ओलांडली म्हणून अंगठा वर करून नाचू लागला. पण समोर पाचच गडी होते. सहा असल्याशिवाय बोनस मिळत नाही. पंचांनी एकच बोट दाखवलं.

"एक," मी आबांना सांगितलं. "बोनस नाही दिला."

दोन चढायांनंतर माझी नजर फलकाकडे गेली. असोदा चोवीस. माझ्या वहीत तेवीस होते.

मला वाटलं, माझंच चुकलं. मी पान मागे उलटून रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. तेवीसच. म्हणजे त्या चढाईला टेबलावर दोन गुण लागले होते. त्या गोंधळात नवऱ्यानं पंचांच्या बोटाऐवजी आमच्या पोराचा अंगठा पाहिला असणार.

सामना संपायला आठ मिनिटं होती. मी उठायला हवं होतं. टेबल वीस पावलांवर होतं. पण मी उठले नाही. मनात म्हटलं, अजून खूप खेळ आहे, एका गुणानं काय होतंय. आम्ही हरलो तर तो गुण कुणाला आठवणारही नाही. आणि चांगल्या दोन-तीन गुणांनी जिंकलो तर त्यानं कुणाचं बिघडणारही नाही. फक्त एका गुणानं जिंकायला नको, एवढंच मी मागत होते.

ती आठ मिनिटं मी खेळ पाहिलाच नाही, नुसता फलक पाहिला. सव्वीस-सत्तावीस. अठ्ठावीस-अठ्ठावीस. मग आमचा एक, त्यांचा एक. नवरा मान खाली घालून कागदावर मिळालेल्या गुणांच्या आकड्यांवर काट मारत होता आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं. फलकावर एकतीस-तीस झालं आणि शेवटचं मिनिट लागलं. आमचा कर्णधार चढाईला गेला, पण पुढे झालाच नाही. आघाडी होती, म्हणून वेळ काढून परत आला. शेवटची चढाई देवपूरची. त्यांचा गडी आमच्या कोपऱ्यापर्यंत शिरला, घोटा पकडीत सापडता सापडता सुटला, पण कुणाला न शिवताच मध्यरेषेवर पोचला. शिट्टी झाली.

असोद्याची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. पिकअपचा चालकसुद्धा मैदानात पळाला. आबा उभे राहिले, माझा खांदा धरून.

"किती झालं व?"

"एकतीस-तीस," मी म्हटलं.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग माझ्या कानाशी वाकले. "पोरी, मी तुह्याच डोळ्यानं पाह्यतो. तू सांगत गेली, मी जुळवत गेलो. माह्या हिशेबानं आपले तीस हायेत."

मी वहीवर हात ठेवला.

"माह्यं चुकलं आसीन मग," ते म्हणाले आणि खाली बसले. त्यांनी मला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही.

टेबलावर कर्णधारांच्या सह्या व्हायच्या होत्या. एकदा सह्या झाल्या की निकाल पक्का. मला सगळं स्पष्ट दिसत होतं. गप्प राहिले तर मंडळ वाचत होतं. नवऱ्यावरही बोट येत नव्हतं. बोलले तर मंडळ जाणार आणि सगळं देवपूर म्हणणार की जावयानं सासुरवाडीला गुण वाढवून दिला. माझी दोन्ही घरं मला खाली बसवत होती. कशी उठले ते आजही नीट सांगता येत नाही. आबांशेजारी तशीच बसून राहणं अशक्य झालं, एवढंच खरं.

मी टेबलाशी गेले तेव्हा देवपूरच्या कर्णधाराची सही झाली होती आणि आमच्याच्या हातात पेन होतं.

"अहो," मी नवऱ्याला म्हटलं, "पोरानं अंगठा दाखवला ती चढाई पाहा. पंचांनी एकच दिला होता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग आपल्या कागदाकडे. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. त्यानं पंचांना हाक मारली आणि स्वतःच सांगितलं, "साहेब, माझ्याकडून एक गुण जास्त लागलाय बहुतेक. असोद्याला." पंचांना ती चढाई आठवत होती. बोनस नाकारला होता, ते म्हणाले.

आमच्या कर्णधारानं पेन टेबलावर आपटलं. "अक्का, तू आमची का त्यायची?"

तो थांबला नाही.

"बरोबरी दिसली आसती तं मी शेवटच्या चढाईत वेळ काढला आसता का? मारली आसती ना उडी!"

त्याचं म्हणणं खरं होतं. चूक टेबलाची, आणि तिची शिक्षा त्याला. पंचांनी दोन्ही संघांना समजावलं. तीस-तीस बरोबरी. निकाल लागायलाच हवा होता, म्हणून नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंना पाच-पाच चढाया.

त्या दहा चढाया मी आबांजवळ उभी राहून सांगितल्या. देवपूरची मंडळी नवऱ्याला टोमणे मारत होती, ते मला ऐकू येत होतं. चौथ्या चढाईनंतर चार-चार होतं. देवपूरच्या पाचव्या गड्यानं एक गुण नेला. शेवटची चढाई आमच्या कर्णधाराची. एक मिळाला तर पुन्हा बरोबरी, दोन मिळाले तर जिंकलो. तो या वेळी वेळ काढायला गेला नाही. सरळ आत घुसला, उजव्या कोपऱ्याला हात लावायला झेपावला, आणि तिघांनी त्याला उचलून खाली पाडलं. दुखरा खांदा अंगाखाली आला. तरी तो हात लांब करून मध्यरेषेकडे सरकत होता. वीतभर राहिली.

"पकडला," मी आबांना सांगितलं.

"रेषा किती दूर व्हती?"

"वीतभर."

"हं," ते म्हणाले.

पिकअप निघाली तेव्हा कर्णधारानं माझ्याकडे पाहिलं नाही. आबांनी मात्र खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट दाबलं.

घरी आले तर शेजारचे पेढे घेऊन हजर. "वहिनी, तुमच्यामुळे देवपूर वाचलं!" मी पेढा ताटलीत तसाच ठेवला. ते गेल्यावर नवरा खुर्चीत बसून राहिला. मग म्हणाला, "मी खरंच दोन पाहिले होते."

"माहितीय मला."

"आणि तुला कधी कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते. "आठ मिनिटं आधी."

"आठ मिनिटं," तो म्हणाला. "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. पोरं खऱ्या गुणांवर खेळली असती."

लोकांनी माझ्या खरेपणाचं कौतुक केलं की मला ती आठ मिनिटं आठवतात.

महिनाभर असोद्याहून आबांशिवाय कुणाचा फोन आला नाही. मंडळाच्या बैठकीचं त्यांनीच सांगितलं. बंद करायचं ठरवूनच सगळे जमले होते. कर्णधार गळ्यात हात बांधून आला. त्यानं आधी माझ्यावरचा सगळा राग काढला. आबा तिथेच बसलेले होते, तरी काढला. मग म्हणाला, "पण मंडळ बंद करायचं नाही. पाच चढायांत आपली पोरं त्यायच्या बरोबरीनं खेळली. तीन वर्षांत आसं कधी झालं? मले सांगा." कुणीतरी विचारलं, ब गटात खेळायला पोरं येतील का? तो म्हणाला, सकाळी सहाला मैदानावर येऊन मोजा. काही जण खरंच गेले. चौदा पोरं होती.

या वर्षी आम्ही ब गटात आहोत. पहिला सामना हरलो, चार गुणांनी. दुसराही हरलो. त्या दोन्ही वेळी मी फोनवरच निकाल ऐकला, जायची हिंमत झाली नाही. तिसरा सामना दोंडाईच्याला होता. नवरा म्हणाला, "चल, मी येतो सोबत." आम्ही बसनं गेलो आणि मुद्दाम मागच्या रांगेत बसलो. आबा पुढे होते, शेजारी एक पोरगं त्यांना गुण सांगत होतं, जरा चुकतच. असोदा सहा गुणांनी जिंकलं. मी टाळ्या वाजवल्या की नाही, मला आठवत नाही. नवरा मात्र उभा राहून ओरडत होता.

सामन्यानंतर मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर कर्णधार समोर आला. खांद्याला पट्टा होता. त्यानं आधी नवऱ्याला विचारलं, "पाव्हणे, चहा घेसान ना?" मग चहा येईपर्यंत दुसरीकडे पाहत उभा राहिला. चहा हातात आल्यावर माझ्याकडे वळला.

"पुढच्या रविवारी जळगावला हाये. येजो."

"येईन."

"आबाजवळच बसजो. त्या पोराले धड मोजता येत नाही." तो चहाचा घोट घेऊन थांबला. "आन् काही चूक दिसली तं तवाच उठजो, अक्का. शेवटाची वाट नको पाहू."

मी मान हलवली. त्यानं रिकामा कप टपरीवर ठेवला आणि पोरांना गाडीत बसायला हाक मारली.