जिलेबीची बादली आणि आमचे साडू

देवानं जगात कुणाला उगाच जास्त दिलं असेल, तर ते आमच्या अंथुर्ण्याच्या साडूला. उंची, आवाज, डोक्यावर दाट केस आणि माझ्या मुलीचं प्रेम. पहिल्या तिन्हींबद्दल मी त्याला केव्हाच माफ केलंय.

लग्न कुणाचंही असो, पंगत बसली की हा बाह्या सारून बादली उचलणारच. एकदा बारामतीत चुकून शेजारच्याच कार्यालयात शिरला, अनोळखी वऱ्हाडाला आग्रह करकरून आमटी वाढली आणि वर टॉवेल-टोपीचा मान घेऊन परतला. फोन तर पहिल्या रिंगलाच उचलतो, दाढी अर्धी झालेली असली तरी. ‘समोरच्याला वाट बघाय लावायची म्हंजी पाप हाय,’ म्हणतो. माझी बायको या गुणाचं कौतुक मला ऐकू जाईल अशा बेतानं करते.

गेल्या हिवाळ्यात आमची दुसरीतली सई शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसायला लागली. डॉक्टर झाले, ओवा झाला. मी खोदून खोदून विचारलं, तर ‘काही नाही बाबा.’ आणि हा रविवारी आला, तिला खांद्यावर घेऊन एक चक्कर मारली आणि सगळं ऐकून परतला! वर्गातला एक दांडगा मुलगा रोज तिचा डबा हिसकावत होता, कुणाला तिच्याशेजारी बसू देत नव्हता. माझा तिळपापड झाला. त्या मुलाचा राग आलाच, पण साडूचा जास्त आला. बाप मी, आणि सांगितलं याला!

मी त्या मुलाच्या बापाला गाठायला निघालो. साडूनं गाडीची किल्लीच काढून घेतली. ‘पाव्हणं, बाप भांडून घरी जात्यात, पोरं तितंच ऱ्हात्यात. सईचा वाढदिवस कवा हाय?’

वाढदिवसाला शाळेत मुलांना जेवण द्यायची आपल्याकडे रीत आहेच. बाईंना विचारून साडू जिलेबीची बादली घेऊन हजर झाला. पोरं व्हरांड्यात बसली. यानं नेमकं त्या दांडगोबाला उठवलं. ‘पैलवान, एका कडेनं तू धर, एका कडेनं सई धरंल. आन् वाढप्यानं सगळ्यांच्या मागनं खायचं!’ सई घाबरून लपली, तीही माझ्यामागे नाही, याच्या पायांमागे. मग याचं बोट धरून निघाली. पहिल्या रांगेला दोघं एकमेकांकडे बघेनात. शेवटच्या रांगेला तो मुलगा ‘घे की अजून एक’ म्हणून घसा ताणत होता. मग दोघं वाढपी शेजारीशेजारी जेवायला बसले. ‘आता कुणी तुझा डबा घेतला तर मला सांग,’ तो सईला म्हणाला, जणू घेणारा दुसराच कुणी होता.

पोटदुखी गेली. माझा जळफळाट राहिला. अजूनही शाळेत काही बिनसलं की सई दप्तर टाकून म्हणते, ‘बाबा, काकांना फोन लाव.’ मी मुकाट्यानं लावतो. पण पहिल्या रिंगला उचलणारा हा गृहस्थ, शाळा सुटायच्या वेळेला अलीकडे फोनच उचलत नाही. रिंग वाजत राहते. वाट बघून कंटाळलेली सई माझ्या मांडीवर चढते आणि सगळं मलाच सांगून टाकते.

बऱ्याच वेळानं त्याचा फोन येतो. ‘दाढी करत हुतो, पाव्हणं.’

भर संध्याकाळी कसली दाढी, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.