पिक्चरात नसलेली आई

पिक्चरवाल्यांचा टेम्पो पाड्यावरून निघाला तेव्हा आयेनंच मला उचलून आत बसवलं. मांडीवर नागलीच्या भाकरीचं फडकं ठेवलं आणि म्हणाली, "शीक. नाय करमलं तर ये." मी आठ वर्षांची. शेजारी सुनंदाबाई. त्या नाशकात शिक्षिका. सुट्टीत या पिक्चरच्या कपड्यालत्त्याचं बघायला आल्या होत्या, आणि रोज माझे केस विंचरता विंचरता त्यांनी मला शिकायला न्यायचं ठरवून टाकलं.

पाड्यावरच्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, खरं सांगते, मला करमलं. हीच तर सगळी गोम आहे. थोडे दिवस रडले, मग बाईंच्या कॉलनीत रुळले. सकाळची बुद्धवंदना पाठ झाली, स्कूटीवर मागं बसायला आवडलं, पाणीपुरीचं तर वेडच लागलं. काका, म्हणजे बाईंचे मिस्टर, देवळाली कॅम्पात कारकून. संध्याकाळी माझी गणितं घ्यायचे आणि मी चुकले की "अगं माझे आई!" म्हणून कपाळाला हात लावायचे. एकदा तापात मी बाईंना "मम्मी" म्हणाले. ताप उतरला, मम्मी तशीच राहिली. आयेसमोर मात्र मी अजून जपून "बाई" म्हणते.

पिक्चर तसा गमतीचा. एक अनाथ आदिवासी पोरगी एका बँडवाल्याच्या आणि एका रिटायर नर्सच्या गळ्यात पडते, आणि शेवटी तीच तिची माणसं होतात. ती पोरगी झाले होते मी. त्यासाठी तिची आई मेलेली दाखवायची होती. आमच्यात मेलेल्याच्या नावानं लाकडाचा कोरीव चिरा रोवतात. पिक्चरवाल्यांनी हौसेनं तोही कोरून घेतला. तेव्हा म्हातारी माणसं अडून बसली. जित्या बाईनं पोरीला आपल्या चिऱ्यापाशी रडताना बघायचं नाय, खोटं खोटं असलं तरी नाय! म्हणून त्या दिवशी आयेला माहेरी धाडलं, आणि काय शूटिंग झालं ते तिला कुणी सांगितलंच नाही. पुढं पिक्चर रखडला तो रखडलाच. इकडं माझं कॉलेज झालं, नोकरी लागली.

यंदा कुठं तो नाशकात दाखवणार असं कळलं. आयेचा फोनवर पहिला प्रश्न, "मी हाय का त्यात?"

"नाहीस गं."

"मंग माझं काम कोन करतं?"

काय सांगणार, कप्पाळ! म्हटलं, लांबचा प्रवास आहे, राहू दे. ती ऐकतेय होय! सुरगाण्याहून एसटी धरून आली, नवं लुगडं नेसून. मला एकच धास्ती. आपण मेलो आणि पोरीनं दुसरी माणसं धरली, हे ती माझ्या शेजारी बसून बघणार. आणि त्यातलं सगळंच काही खोटं नव्हतं.

हॉलमध्ये एका बाजूला आये, दुसऱ्या बाजूला मम्मी. नर्सबाईच्या फजितीवर आये पोट धरून हसली. मला वाटलं, सुटले. मग चिरा आला. पडद्यावरच्या मी त्याला मिठी मारली आणि जीव तोडून ओरडले, "आये!"

"ओ," शेजारून आये म्हणाली.

अख्खा हॉल खो खो हसला. मम्मीनं माझा हात घट्ट धरला. मला आयेकडं बघायचा धीर होईना. तुझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी "दोन्हीकडं" म्हणते. बोलायला ते बरं वाटतं. त्या दोघींच्या मधल्या खुर्चीत बसून मात्र ते मला म्हणता आलं नसतं. पडद्यावर पोरगी हाका मारमारून दमली, डोळे पुसून उठली आणि बँडवाल्याचं बोट धरून निघाली.

आये खुर्चीतून अर्धवट उठली. "अगं, मी हाय ना हितं. तिला सांगा ना कुनीतरी!"

कोण सांगणार? ती पोरगी वळून बघणारच नव्हती. काही झालं तरी मागं वळायचं नाही, असं शूटिंगच्या वेळी मला दहादा बजावलं होतं.