सत्यशीलाबाईचा राखणदार

आरमोरीत कुजबुज अशी होती, की एस.टी.त कंडक्टर असलेल्या सत्यशीलाबाईला भाड्याच्या घरात गुप्तधन सापडलं आणि त्याचा राखणदार नाग तिने काचेच्या पेटीत घालून ठेवला. पुरावा? बाई रोज सकाळी खुरपं घेऊन न्हाणीमागे उकरते! एवढा पुरावा आपल्याकडे जुळलेलं लग्न मोडायलाही पुरतो.

घरमालकीण गुणाबाईने खिडकीतून डोकावून पाहिलं. पेटीत लांबलचक, ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी वळवळलं. तिने दारातूनच फर्मावलं, "साप नाईतं तू. एक कोनीतरी आज घराबाहेर!"

"बाई, मासा हाय तो."

"मासे मले नको शिकवू. जलम गेला माहा मासे खाण्यात!"

मासाच होता. रश्श्यासाठी बाजारातून जिवंत आणलेली वाम बादलीतून नाक वर काढून अशी टकमक पाहू लागली, की सत्यशीलाचा विळा चाललाच नाही; काचेच्या पेटीत वाळू-पाणी घालून तिने ती पाळलीच. दिवसभर "पुढं सरका, पुढं सरका" ओरडून घरी आल्यावर तिचं निमूट ऐकून घेणारं तेवढंच एक होतं. आता घर सोडलं, तर पाण्याने भरलेली पेटी घेऊन जायचं कुठे? आणि वाम सोडली, तर बोलायचं कोणाशी?

संध्याकाळी गुणाबाई सर्पमित्र श्रीहरीला घेऊन हजर. मागे अख्खी गल्ली. पेटीत पाहतात तो नुसती वाळू!

"पळाला! साप पळाला!" गुणाबाईने पलंगावर उडी मारली. गुडघेदुखी बिचारी खालीच राहिली.

सत्यशीलाने सावकाश झाकण उचललं आणि डबीतलं गांडूळ पाण्यात सोडलं. वाळू हलली. आधी टोकदार नाक आलं, मागून हातभर वाम. गांडूळ गट्टम!

श्रीहरीने हातातला साप धरायचा आकडा खाली ठेवला. "गुणाबाई, याचा तं रस्सा होते! पलंगावर काऊन चढल्या?"

"मले काय ठाऊक? मी कापून आनलेलीच पाह्यली. मुंडक्यासकट कोन पाह्यते?"

गल्ली हसून हसून लोळली. सत्यशीलाने तेवढ्यात हळूच विचारलं, "आन बाई, काल न्हाणीमागं एवढा मोठा खड्डा कोनं खोदला? आज गांडुळं लई भेटली."

गुणाबाईने पदर सावरला आणि पलंगावरूनच निकाल दिला. "राहू दे तिले इथीच. पन पाहुणे आले का दाखवीन मीच!"

आता वामेला गांडुळं गुणाबाईच आणते, आणि आधी पाहुण्यांना दोन पावलं मागे सरकवते.

धन नव्हतं. नाग नव्हता. वाम गांडुळं खाते, आणि गांडुळं न्हाणीमागच्या ओल्या मातीत मिळतात.